कोलंबियाकडे तीस दिवस होते

२१ जानेवारी २००३ रोजी ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये नासाच्या कोलंबिया या स्पेस शटलच्या मोहिमेची व्यवस्थापन बैठक भरली होती. यान पृथ्वीभोवती फिरत होतं आणि आत सात माणसं होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता, हे बैठकीतल्या लोकांना ठाऊक होतं. विषय निघाला तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या लिंडा हॅम यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, याबाबत आपल्याला फारसं काही करता येण्यासारखं नाही, त्यामुळे या मोहिमेपुरता हा मुद्दा महत्त्वाचा नाही. बैठक पुढच्या विषयाकडे वळली. अकरा दिवसांनी टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले.

त्या बोलण्यात एक तर्क आहे आणि मला त्या तर्काविरुद्ध लिहायचं आहे. उपाय नाही, म्हणून नुकसान किती झालंय ते पाहण्याची गरज नाही, असा तो तर्क. वरवर तो व्यवहारी वाटतो आणि मोठमोठ्या संस्थांमध्ये तो रोज चालतो. पण उपाय आहे की नाही, हे नुकसान कुठे आणि किती झालंय यावर अवलंबून असतं, आणि ते पाहिल्याशिवाय कळत नाही. उड्डाणात जखमी झालेल्या यानासाठी आणीबाणीचे मार्ग कोणते, हा प्रश्न तांत्रिक आहेच. कोलंबियाच्या बाबतीत मात्र तो कधी विचारलाच गेला नाही, आणि म्हणून तो मला आधी माणसांच्या वागण्याचा वाटतो.

आधी झालं काय ते नीट पाहू. १६ जानेवारीच्या सकाळी फ्लोरिडाहून यान सुटलं. सुमारे ८२ सेकंदांनी, जवळपास २० किलोमीटर उंचीवर, टाकी आणि यान जोडणाऱ्या दुपायी आधाराजवळचा फोम सुटला. वजन जेमतेम पाऊण किलो. फोम म्हणजे थर्माकोलसारखा हलका पदार्थ, तो पंखाच्या कार्बनच्या कठीण कडेला काय करणार, असं तेव्हा पुष्कळ अभियंत्यांना मनापासून वाटत होतं. पण हलकी वस्तू हवेत सुटली की तिचा वेग झपाट्याने मंदावतो, आणि मागून येणारं यान आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगात असतं. त्यामुळे खरं तर यानच त्या तुकड्यावर जाऊन आदळलं. दोघांच्या वेगातला फरक ताशी सुमारे ७०० ते ९०० किलोमीटर होता. जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नायट्रोजनच्या तोफेतून तसाच तुकडा खऱ्या पंखाच्या कडेच्या आठव्या फलकावर मारला गेला. फलकाला सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. त्या कडेवर परतीच्या वेळी १६०० अंश सेल्सियसच्या पुढे तापमान जातं, आणि तिच्या आत पंखाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे.

ही चाचणी अपघातानंतर पाच महिन्यांनी झाली. यान वर असताना हाताशी होतं ते ‘क्रेटर’ नावाचं गणिती साधन. ते बारीकसारीक कणांच्या आघातासाठी बनवलेलं होतं. आदळलेला तुकडा त्याच्या चाचण्यांतल्या नमुन्यांपेक्षा कित्येक शेकडो पट मोठा होता. अभियंत्यांना ही मर्यादा ठाऊक होती. म्हणूनच त्यांना छायाचित्रं हवी होती.

उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी चित्रफिती तपासणाऱ्या गटाला तो आघात दिसला. तेव्हापासून छायाचित्रांची मागणी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा झाली. अमेरिकी लष्कराकडे कक्षेतल्या वस्तूंची चित्रं घेण्याची साधनं आहेत, ती वापरावीत, एवढीच विनंती होती. लष्कराने हालचाल सुरूही केली होती. वरून विचारणा झाली की ही मागणी नेमकी कुणाची आणि ती सक्तीची आहे का. औपचारिकरीत्या कुणीच पुढे आलं नाही, म्हणून मागणी मागे घेतली गेली. रॉडनी रोचा या अभियंत्याने २२ जानेवारीला एक पत्र टंकलं. छायाचित्रं न मागण्याचा निर्णय चुकीचा आहे आणि बेजबाबदारपणाच्या काठावर आहे, असं त्यात त्याने स्पष्ट लिहिलं. भिंतीभिंतींवर लावलेल्या सुरक्षेच्या फलकांवर ‘सुरक्षित नसेल तर तसं सांगा’ असं छापलेलं असतं, याची आठवण त्याने करून दिली. पत्र छापून त्याने सहकाऱ्याला दाखवलं. वरिष्ठांना मात्र पाठवलं नाही.

रोचाला दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. कारण त्याच्याकडे जे मागितलं जात होतं, ते देणं कुणालाच शक्य नव्हतं. यान धोक्यात आहे हे सिद्ध करा, मग आम्ही चित्रं मागवतो, असा एकूण सूर होता. चित्रांशिवाय धोका सिद्ध होत नव्हता आणि धोका सिद्ध झाल्याशिवाय चित्रं मिळत नव्हती. ॲडमिरल हॅरॉल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात नेमक्या या उलटापालटीवर बोट ठेवलं. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उड्डाण चालवणाऱ्यांची असायला हवी होती. ती शंका घेणाऱ्यांच्या खांद्यावर आली.

‘काही करता येत नाही’ हा समज त्या आठवड्यात जन्मलेला नव्हता. शटलच्या पहिल्या उड्डाणाआधी उष्णतारोधक फरशांची कक्षेत दुरुस्ती करण्याचं साहित्य बनवायचा प्रयत्न झाला होता आणि तो सोडून देण्यात आला होता. त्यानंतर आला १९८८ चा डिसेंबर. अटलांटिस हे शटल एका गुप्त लष्करी मोहिमेवर गेलं होतं. बूस्टरच्या टोकावरचं आवरण सुटून यानाच्या पोटावर आदळलं. कमांडर रॉबर्ट गिब्सन यांनी यांत्रिक बाहूवरच्या कॅमेऱ्याने पाहिलं, आणि आपण यातून परत जात नाही अशी त्यांची खात्री झाली. पण मोहीम गुप्त असल्याने चित्रं सांकेतिक रूपात, अगदी निकृष्ट दर्जाची, खाली पोचली. खालच्यांनी ती पाहून सांगितलं की हे उजेड-सावलीचे खेळ आहेत. यान उतरल्यावर ७०० हून अधिक फरशा खराब झालेल्या आढळल्या. एक तर पूर्ण उडाली होती. तिच्याखाली अँटेनाची जाड धातूची पट्टी होती, म्हणून पाच माणसं वाचली.

या घटनेतून दोन धडे घेता आले असते. एक असा की, वरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं खालच्या तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा जास्त मोलाचं मानावं. दुसरा असा की, एवढं होऊनही यान परत आलं, म्हणजे ते दणकट आहे. संस्थेने दुसरा घेतला. ऑक्टोबर २००२ मध्ये, कोलंबियाच्या आधी अवघे तीन महिने, त्याच जागचा फोम सुटून बूस्टरच्या खालच्या भागावर आदळला. तेव्हाही यान सुखरूप परतलं, आणि पुढची उड्डाणं चालू राहिली. प्रत्येक सुखरूप परतीबरोबर धोका जणू कमी होत गेल्यासारखा वाटत होता. तो होता तिथेच होता.

या सगळ्या समजाचं सर्वांत उघडं रूप नासाच्या वेन हेल यांच्या लिखाणात सापडतं. छायाचित्रांसाठी स्वतः धडपडणाऱ्यांपैकी ते एक. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांनी लिहिलं की मोहीम संचालनाचे प्रमुख जॉन हार्पोल्ड त्या दिवसांत त्यांना काय म्हणाले होते. उष्णतारोधक आवरणाला इजा झाली असेल तर आपल्या हातात काही नाही. मग अंतराळवीरांना न कळलेलं बरं नाही का? यशस्वी मोहीम करून आनंदात परतताना अचानक मरण येणं बरं, की काही करता येत नाही हे ठाऊक असताना हवा संपेपर्यंत घिरट्या घालणं? हेल यांना तेव्हा यावर उत्तर सुचलं नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवलं आहे. हार्पोल्ड क्रूर नव्हते. त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, आणि म्हणूनच ते जास्त घातक होतं. निर्दयपणाने केलेली टाळाटाळ लगेच ओळखू येते. दयेपोटी केलेली टाळाटाळ चांगुलपणासारखी दिसते आणि तिला विरोध करणाराच कठोर ठरतो.

आता खरोखर काय करता आलं असतं, तिकडे येतो. चौकशी मंडळाच्या सांगण्यावरून अपघातानंतर नासाच्याच अभियंत्यांनी हा हिशोब मांडला. अहवालातला तो भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्यातल्या शांत, आकडेवारीच्या भाषेने जीव कासावीस होतो.

पहिला मार्ग कुणालाही सुचेल असा: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आश्रय घ्यायचा. तो बंदच होता. कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांचा कोन करत होती, स्थानकाची ५१.६ अंशांचा. कक्षेचं प्रतल एवढं फिरवायला सेकंदाला सुमारे ३८०० मीटर इतका वेगबदल लागला असता. यानात उरलेल्या इंधनातून मिळू शकत होते १४० मीटरही नाहीत. शिवाय स्थानकाला जोडून घेण्याची व्यवस्था या मोहिमेत नव्हती, आणि यांत्रिक बाहूही बरोबर घेतलेला नव्हता.

दुसरा मार्ग डागडुजीचा. डेव्हिड ब्राऊन आणि मायकेल अँडरसन हे दोघे स्पेसवॉकसाठी तयार झालेले होते, दोन पोशाख यानात होते. खालच्या डेकवरची शिडी काढून तिच्या आधाराने पंखाच्या कडेपर्यंत पोचायचं. केबिनमधून मिळतील ते धातूचे तुकडे, अवजारं भोकात कोंबायची. वर पाण्याच्या पिशव्या लावून ते पाणी गोठू द्यायचं, आणि सगळ्यावर उष्णतारोधक आवरण ताणून बसवायचं. बरोबरीने सामान बाहेर टाकून यान हलकं करायचं, पंख आधी थंड होऊ द्यायचा, वातावरणात शिरण्याचा कोन बदलायचा. पंख कमी उंचीपर्यंत टिकला तर धावपट्टीवर उतरण्याऐवजी पॅराशूटने बाहेर उड्या टाकायच्या. हे टिकलं असतं का, याची खात्री हिशोब करणाऱ्यांनाही नव्हती. तो शेवटचा मार्ग होता.

तिसरा मार्ग सुटकेचा, आणि तो खरा मार्ग होता. कोलंबियावर अन्न आणि पाणी पुरेसं होतं, ऑक्सिजनही महिनाभर पुरला असता. कमतरता होती ती लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांची. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हे डबे शोषून घेतात. सगळे प्रयोग थांबवून, हालचाल कमी करून, जास्तीत जास्त झोपून राहून ते पुरवले असते तर मोहिमेच्या तिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ फेब्रुवारीपर्यंत, सातही जण जिवंत राहू शकले असते. इकडे केनेडी स्पेस सेंटरमध्ये अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. त्याची मुख्य इंजिनं बसवून झाली होती. त्याची टाकी आणि बूस्टर जोडून उभे होते. तीन पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस काम करून ते १० फेब्रुवारीला सोडता आलं असतं. १० ते १५. पाच दिवसांची फट.

चार अनुभवी अंतराळवीर अटलांटिसमधून जाणार. दोन्ही यानांचे उघडे सामानकक्ष एकमेकांसमोर, पण शेपट्या धडकू नयेत म्हणून एक यान दुसऱ्याशी काटकोनात. दोघे वैमानिक दोन यानांमधलं अंतर हाताने नियंत्रण करत तासन् तास सांभाळणार, आणि दोघे बाहेर जाऊन पोशाख आणि डबे पलीकडे पोचवणार. मग दोघादोघांना करून माणसं आणायची. शेवटी उरणाऱ्या दोघांना पोशाख चढवायला तिसरं कुणी नाही. त्यांनी एकमेकांना मदत करायची. अकरा जण एका यानातून परत येणार. रिकामं कोलंबिया खालून आज्ञा देऊन प्रशांत महासागरावर पाडायचं, कारण माणसाशिवाय ते उतरवण्याची सोय नव्हती. मंडळाचा निष्कर्ष असा की हे अत्यंत अवघड होतं, पण शक्य कोटीतलं होतं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हे पश्चात्बुद्धीचं शहाणपण आहे. हिशोबात धरलंय की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शंका पक्की झाली, पाचव्या दिवशी कुणी बाहेर जाऊन भोक पाहिलं, आणि मग कुठेही एक दिवस वाया गेला नाही. प्रत्यक्षात असं घडतं का? बहुधा नाही. चाचण्या गाळून घाईने सज्ज केलेलं यान १० तारखेला सुटलं असतंच, असं मीही म्हणणार नाही. दुसरा आक्षेप त्याहून जड आहे. अटलांटिसच्या टाकीवरही तोच फोम होता, त्याच जागी. कारण न शोधता, दोष न काढता आणखी चार माणसांना त्याच धोक्यात ढकलायचं का?

माझं उत्तर असं आहे. ते चौघे धोका ओळखून, आपण होऊन गेले असते. मानवी उड्डाणाच्या प्रत्येक संस्थेत असे लोक असतात, आणि जायला कोण तयार आहे हा प्रश्न अंतराळवीरांच्या कक्षात विचारला असता तर हात किती वर गेले असते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कदाचित त्यांना पाठवू नये असाच निर्णय झाला असता. तोही निर्णय मी मान्य केला असता. पण तो निर्णय झाला असता. कुणीतरी टेबलाभोवती बसून, सात जीव एका पारड्यात आणि चार दुसऱ्यात ठेवून, नावानिशी सही केली असती. प्रत्यक्षात जे झालं त्यात ना निवड होती ना नकार.

इथे अपोलो-१२ आठवतं. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी ते पावसाळी ढगांतून सुटलं आणि पहिल्या मिनिटाच्या आत त्याच्यावर दोनदा वीज पडली. यानातले आकडे वेडेवाकडे झाले. जॉन एरन या तरुण नियंत्रकाने एक अनोळखी कळ दाबायला सांगितली, ती कुठे आहे हे ॲलन बीन यांना आठवलं, आणि मोहीम वाचली. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. विजेने पॅराशूटच्या झाकणाची स्फोटक यंत्रणा बिघडली असेल का, अशी शंका खालच्यांना होती. त्यांनी ती अंतराळवीरांना सांगितली नाही आणि यान चंद्राकडे जाऊ दिलं. पॅराशूट बिघडलेलं असेल तर आज परतले काय आणि दहा दिवसांनी परतले काय, मरण सारखंच.

म्हणजे तर्क तोच? शब्द तेच आहेत, पण काम निराळं झालंय. अपोलोच्या लोकांनी आधी वाट शोधली. लगेच परत आणलं तर काय, थांबलं तर काय, हे तपासलं. यंत्रणा बंद झाकणाआड होती, कक्षेत ती तपासायला जाण्याची सोय नव्हती, दुसरं यान तयार नव्हतं. सगळ्या वाटा मोजून झाल्यावर त्यांनी ‘फरक पडत नाही’ असं म्हटलं. कोलंबियाच्या वेळी तेच वाक्य हिशोबाच्या आधी उच्चारलं गेलं आणि त्याने हिशोबच थांबवला. अंतराळवीरांना न सांगण्याचा अपोलोच्या लोकांचा निर्णय मला आजही पटत नाही, पण निदान त्यामागे हिशोब होता.

आणि उड्डाणात मोडलेलं यान वाचवता येतं, याचा दाखला नासाच्याच इतिहासात होता. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब हे स्थानक सुटलं. ६३ सेकंदांनी त्याचं संरक्षक कवच फाटून निघालं. जाताना त्याने एक सौरपंख उखडला आणि दुसरा धातूच्या पट्टीने जखडून टाकला. वर पोचलेल्या स्थानकाच्या आत तापमान ५२ अंशांवर गेलं. सूर्याकडे तोंड केलं तर वीज मिळे पण आतलं सगळं भाजून निघे, तोंड फिरवलं तर गारवा मिळे पण वीज तुटे. दुसऱ्या दिवशी निघणारे तिघे अंतराळवीर थांबवले गेले आणि दहा दिवस अक्षरशः अहोरात्र काम चाललं. जॅक किंझलर नावाच्या तंत्रज्ञाने मासे पकडायच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या आणून छत्रीसारखी सावली कशी उघडता येईल ते करून दाखवलं. कापड शिवलं गेलं. २५ मेला पीट कॉनरॅड, जोसेफ करविन आणि पॉल वाइट्झ ती छत्री घेऊन गेले आणि आतूनच एका छोट्या झडपेतून त्यांनी ती बाहेर उघडली. तापमान उतरू लागलं. ७ जूनला कॉनरॅड आणि करविन यांनी बाहेर जाऊन ती पट्टी कापली, पंख मोकळा केला. तिघे २८ दिवस राहून आले.

स्कायलॅब तेव्हा रिकामं होतं, हा फरक मी विसरत नाही. कुणी मरणार नव्हतं, म्हणून नुकसान मान्य करणं सोपं गेलं. कोलंबियात माणसं होती आणि नुकसान मान्य करणं म्हणजे एक भयंकर शक्यता उच्चारणं होतं. पण माणसं असतील तर पाहण्याची निकड वाढायला हवी. ती उलट कमी झाली, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

त्या सात माणसांना २३ जानेवारीला एक ईमेल गेला. कमांडर रिक हजबंड आणि पायलट विल्यम मॅकूल यांच्या नावे. फोम आदळला होता, पण परतीच्या दृष्टीने काळजीचं कारण नाही, असा त्याचा आशय. पत्रकारांनी विचारलं तर गोंधळ नको म्हणून तो पाठवला होता.

त्या सातांतल्या कल्पना चावला यांची आठवण आपल्याकडे कर्नालची स्वप्नाळू मुलगी म्हणून सांगितली जाते. त्यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी भारताच्या हवामान उपग्रहाला त्यांचं नाव देण्यात आलं. पण त्यांचं काम काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून वैमानिकी अभियांत्रिकी, कोलोरॅडोतून डॉक्टरेट, आणि मग नासाच्या एम्स केंद्रात विमानाभोवतीच्या वायुप्रवाहाचं संगणकी गणित. पंखाच्या कडेला भोक पडलं तर तप्त वायू कसा आत शिरेल, याचा विचार करण्याची पात्रता त्या यानात बसलेल्या बाईंकडे होती. ब्राऊन आणि लॉरेल क्लार्क हे दोघे नौदलाचे डॉक्टर होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढू लागल्यावर शरीर काय सांगतं आणि ते कसं सोसायचं, हे त्यांना कळत होतं. हजबंड आणि मॅकूल चाचणी-वैमानिक, इलान रामोन लढाऊ वैमानिक, अँडरसन भौतिकशास्त्राचे पदवीधर. या लोकांना सत्य झेपणार नाही, असं खाली कुणी कशाच्या आधारावर ठरवलं? त्यांना सांगितलं असतं तर सातांची बुद्धी कामाला लागली असती. आणि कुठलीच वाट उरली नसती, तरी स्वतःच्या मरणाबद्दलची माहिती ही त्यांची होती, ह्यूस्टनची नव्हे. मुलांशी, नवऱ्याशी, बायकोशी काय बोलायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. १ फेब्रुवारीला सकाळी नऊच्या सुमारास, उतरायला सोळा मिनिटं असताना, यानावरचा ताबा सुटला. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

नंतर सगळं बदललं, आणि ते किती झपाट्याने बदललं हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे. जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी हे शटल गेलं तेव्हा त्याच्याजवळ पंखाच्या कडा तपासणारा लांब दांडा होता. आयलीन कॉलिन्स यांनी स्थानकाजवळ यानाची संथ कोलांटी मारली, म्हणजे स्थानकातल्या लोकांना पोटाची चित्रं घेता यावीत. फरशांमधून बाहेर आलेल्या दोन पट्ट्या दिसल्या. स्टीफन रॉबिन्सन बाहेर गेले आणि त्यांनी त्या हाताने ओढून काढल्या. दोन-अडीच वर्षांपूर्वी ज्याच्याबद्दल ‘काही करता येत नाही’ असं ठाम मत होतं, ते काम दोन बोटांनी झालं. पुढे यान माणसांविना उतरवता यावं म्हणून एक केबलही तयार झाली. हबल दुर्बिणीच्या शेवटच्या दुरुस्तीला मे २००९ मध्ये अटलांटिस गेलं, तेव्हा स्थानकाचा आश्रय मिळणार नसल्याने एंडेव्हर दुसऱ्या तळावर सुटकेसाठी सज्ज उभं होतं. यातलं एकही तंत्र २००३ मध्ये कल्पनेपलीकडचं नव्हतं.

२०२४ मध्ये स्टारलायनर या यानाची परीक्षा आली. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकाकडे जात असताना हेलियम गळू लागला, काही थ्रस्टर बंद पडले. नासाचे तेव्हाचे प्रशासक बिल नेल्सन यांनी १९८६ मध्ये स्वतः कोलंबियातून प्रवास केला होता. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की दोघे त्या यानातून परतणार नाहीत, आणि हे सांगताना चॅलेंजर आणि कोलंबियाच्या अपघातांचं नाव घेतलं. यान सप्टेंबरमध्ये रिकामं परतलं आणि न्यू मेक्सिकोत व्यवस्थित उतरलं. मग काही जण म्हणाले, पाहा, माणसं आणली असती तरी चाललं असतं. १९८८ मध्ये अटलांटिस परतल्यावरचा तोच भ्रम हा. यान सुखरूप उतरलं म्हणून ते सुरक्षित होतं असं ठरत नाही. निर्णय घेताना थ्रस्टरबद्दलची शंका फिटलेली नव्हती, आणि शंका फिटवण्याची जबाबदारी या वेळी योग्य खांद्यावर होती.

आता भारताचं गगनयान. शटलसारखा दोष त्यात नाही: कुपी रॉकेटच्या टोकावर बसते आणि तिचा उष्णतारोधक तळ सेवा-विभागाने झाकलेला असतो. चढतानाच्या आणीबाणीसाठी कुपी ओढून दूर नेणारी यंत्रणा आहे, आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून तिची चाचणी यशस्वी झाली. पण यान जखमी होऊनही कक्षेत पोचलं तर? ४०० किलोमीटर उंचीवर, तीन दिवसांच्या मोहिमेत, सुटकेचं दुसरं यान धाडायला वेळ नसेल आणि आपलं स्थानकही तिथे अजून नसेल. जे काही करायचं ते त्याच कुपीत, त्याच काही तासांत करावं लागेल. म्हणून उड्डाणाच्या चित्रफितीत शंकास्पद काही दिसलं तर यानाची चित्रं मागवण्याचा अधिकार ते नुकसान मोजणाऱ्या अभियंत्याकडे थेट असावा, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहायला लागू नये, आणि जे दिसेल ते कुपीतल्या लोकांना खालच्या बैठकीआधी, निदान तिच्याबरोबरीने, कळावं. हे नियम माणसं असलेलं पहिलं उड्डाण सुटण्याआधी लेखी आणि जाहीर व्हायला हवेत.